डाव्या पायाची उडी

बाजारात पेरू आले की माझं डोकं फिरतं. दारावरचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोवर केलगेरीकडच्या बायका टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसायला लागतात. वर ओली पानं, आत हिरवे-पिवळे पेरू, शेजारी कागदात तिखटमीठ. अख्ख्या धारवाडला तेव्हा कोण आनंद होतो! लोक ट्रंकेतून स्वेटर काढतात, हवा कशी छान पडलीय म्हणतात, उगाचच एकमेकांकडे चहाला जातात. मी मात्र त्या टोपल्यांची नजर चुकवत स्टॉपवर जाते आणि तारिहाळच्या बसमध्ये खिडकीची काच ओढून बसते. परवा आईनं हौसेनं किलोभर पेरू आणले. मी म्हटलं, "आई, ते माझ्यासमोर कापू नकोस." ती म्हणाली, "अगं, पेरूनं तुझं काय घोडं मारलंय?"

मारलंय की. पेरूचा हंगाम तोच खो-खोचा हंगाम. बाकीच्यांचं वर्ष युगादीला सुरू होत असेल, माझं दहा वर्षं पेरूबरोबर सुरू व्हायचं. सकाळी साडेपाचला मैदानावर जायचं, तोंडातून वाफा निघायच्या, गवतावर दव असायचं आणि अनवाणी पायाला माती इतकी गार लागायची की पहिली दहा मिनिटं पाय आपले आहेत की शेजारणीचे तेच कळायचं नाही. हिरेमठ सर आमच्या आधी आलेले असायचे. डोक्याला मफलर, एका हातात फक्कीचं घमेलं, आणि वाकून एकेक रेषा मारत जायचे. सर एका शाळेत पीटी शिकवत. निवृत्त झाले तरी मैदानाचा नाद सुटला नाही, आणि आम्हा पोरींचा तर त्याहून नाही. घरी ते कन्नड बोलत, आमच्याशी मराठी; आणि सगळ्या मुलींना एकच नाव, 'तंगी'. तंगी म्हणजे धाकटी बहीण. चूक झाली तरी तंगी, जिंकलो तरी तंगी; आवाजावरून ओळखायचं आज कुठली ती.

हंगामात पेरू खायचा नाही हा सरांचा कायदा. पेरूनं घसा धरतो, घसा धरला की 'खो' ओरडता येत नाही, आणि खो ऐकू गेला नाही तर तुझं पळणं गेलं खड्ड्यात, असं ते म्हणत. आम्ही अर्थातच खायचो. परतीच्या वाटेवर दप्तरातून काढून, सायकलचं हँडल एका हातात धरून. मग कॉलेजात पहिल्या तासाला दातातल्या बिया जिभेनं काढत बसायचं. तितकं सुख मला पुन्हा कशातच मिळालेलं नाही, आणि आता मिळेल अशी आशाही नाही, हे मी आज स्पष्टच सांगते. लोकांना असं बोललेलं आवडत नाही. ते म्हणतात, आयुष्यात अजून खूप काही आहे. असेल बापडं.

मी खांबाजवळची. रांगेत आठ जणी आळीपाळीनं उलट्या दिशांना तोंडं करून बसतात, त्यात शेवटची, खांबाला लागून बसणारी, ती मी. त्या जागेवरच्या मुलीचं नुसतं पळून भागत नाही. एका हातानं खांब धरून तिला पुरतं गर्रकन वळावं लागतं, आणि वळता वळता दुसरा हात समोरून निसटणाऱ्या पळतीच्या मुलीपर्यंत पोचवावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "तिथं आता कुणी बसायचं नाही." चौदा वर्षांची होते मी. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, गणितात काठावर पास होणारी, घरात 'हिचं कसं होणार' हा कायमचा विषय. त्या मुलीला जगात एक जागा मिळाली, ती खांबाजवळची.

चोविसाव्या वर्षीच्या हंगामात राज्याच्या संघाची निवड होती. आधी दोनदा माझं नाव शेवटच्या यादीपर्यंत जाऊन गळलं होतं. या खेपेला निवडीला येणाऱ्या एक बाई सरांना म्हणाल्या होत्या, तुमची ती खांबावरची आम्हाला हवी. सरांनी हे मला सांगितलं नाही, माझ्या आईला सांगितलं. आईनं शेजारच्या चार घरांत सांगितलं. त्यामुळं मला ते कळलं.

सरावाला आम्हाला नवीन मॅट आली होती. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, मातीवर कोण खेळतंय? मॅटवर बूट लागतात. बूट मॅटला घट्ट धरतो म्हणून तर तो चांगला. माती मात्र थोडी सरकते. तुम्ही वेड्यासारखं वळलात तरी पायाखालून चिमूटभर निघून जाते आणि तुम्हाला सांभाळून घेते. हे मला नंतर कळलं, पाय उशीवर ठेवून पडले होते तेव्हा. त्या सकाळी खांब धरून मी वळले, कंबर वळली, मांडी वळली, आणि पाऊल होतं तिथंच राहिलं. आत उजव्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. शेजारी बसलेल्या मुलीलाही तो ऐकू आला. तिनं आधी मागं वळून खांबाकडे बघितलं, तिला वाटलं खांबच मोडला.

दुखलं किती, ते विचारू नका. पण खरी भीती दुखण्याची वाटली नाही. सरांच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा वाटली. सर धावत आले, गुडघ्यावर हात ठेवला, आणि डोक्याचा मफलर सोडून गुडघ्याभोवती गुंडाळला. शिव्या घालणारा माणूस इतका हळुवार झाला की समजावं.

हुबळीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागं गुडघा काढून दाखवला. दोन हाडं, मध्ये एक तिरकी दोरी, त्या दोरीवर त्यांनी पेनानं फुली मारली. म्हणाले, ही तुटली; मांडीतली तशीच एक दोरी काढून इथं बसवावी लागेल. आई म्हणाली, "म्हणजे धडकं फाडून ठिगळ." डॉक्टर हसले. तोवर माझी आत्या पुढं सरकली. आत्यानं विचारलं, "डॉक्टर, लग्नाला काही अडचण नाही ना?"

डॉक्टर म्हणाले, "छे हो. चालेल, फिरेल, जिने चढेल. अगदी नॉर्मल."

खोलीतली सगळी माणसं एकदम सैल झाली. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, रुमालानं कपाळ पुसलं. आई तर रडलीच, सुटल्यासारखी. आणि मी पलंगावर पडून त्या सगळ्यांकडे आ वासून बघत होते. जिने! मला जिने चढायचे होते का? दहा वर्षं मी साडेपाचला जिन्यांसाठी उठत होते? मी विचारलं, "आणि खेळायला?" डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'वर मी पुढं चार महिने काढले. माणूस किती थोडक्यात भागवू शकतो!

ऑपरेशन झालं. मग आले सल्ले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशी गत. एक काका अमक्या गावच्या हाडवैद्याचा पत्ता घेऊन आले, त्यांना हाड मोडलेलंच नाही हे तीनदा सांगितलं, तरी "एकदा दाखवायला काय जातंय?" चालूच. कुणी आंबेहळद, कुणी डिंकाचे लाडू. एका बाईनं तर सांगितलं, देवानं तुला विश्रांती दिलीय असं समज. मी त्यांना म्हटलं, तुम्हालाही देऊ दे की थोडी. आई नंतर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती लिहूनच टाकते. आमचा संघ त्या हंगामात बेळगावला स्पर्धेला गेला. माझ्या मैत्रिणी, ज्यांच्याबरोबर मी एका ताटात जेवले, एका चादरीत झोपले. आणि मी इथं पलंगावर बसून मनोभावे प्रार्थना केली, की त्या हरू देत. हात जोडून केली. त्या हरल्या. फोनवर ते कळलं तेव्हा मी "अरेरे" म्हटलं, आणि त्या दुपारी कित्येक दिवसांनी मला कडकडून भूक लागली. शेंगाचटणीबरोबर मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई खूश, पोरगी जेवली म्हणून. मला माझीच किळस आली, पण भूक काही गेली नाही.

माझ्या जागेवर तेव्हा मेघा बसत होती. अळणावरजवळच्या खेड्यातली, आईबाप दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारे, मुलगी काटकुळी पण पायात वीज. चार वर्षांनी माझ्याहून लहान. स्पर्धेहून आल्यावर ती मला भेटायला आली, पलंगाच्या टोकाला कशीबशी टेकली आणि म्हणाली, "अक्का, तुझी जागा मी राखून ठेवलीय बघ. तू ये, मी लगेच उठते." तिच्या डोळ्यांत खोटं काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! राखून ठेवलीय! जशी काही मी बसमध्ये रुमाल टाकून खाली चहा प्यायला उतरले होते. मी म्हटलं, "बरं केलंस." ती गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले.

माणूस मेलं की लोक रडायला येतात, दहावा होतो, तेरावा होतो, चौदाव्या दिवशी घरातलं कुणीतरी गोड जेवायला घालतं आणि म्हणतं, आता पुरे. खेळणाऱ्याचं खेळणं जातं तेव्हा यातलं काही नाही. उलट चार लोक येऊन सांगतात, अगं इतकं काय, जीव तर वाचला! आणि मी तरी काय म्हणून रडणार? अजून 'बघू' होतं ना. धड मेलेलंही नाही आणि धड जिवंतही नाही, असं काहीतरी रोज सकाळी माझ्याबरोबर उठायचं, माझ्याबरोबर दात घासायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते खोटं नाही.

फाल्गुनात माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता, अळणावरला. तोवर काठी सुटली होती, गुडघा वाकत होता, डॉक्टर खूश होते. एप्रिलपासून हळूहळू पळायचं, मग पावसाळ्यानंतर मैदान, असा बेत ठरला होता. मी मनातल्या मनात पेरूपर्यंतचे दिवस मोजत होते. जेवायला वर टेबलखुर्च्या होत्या आणि खाली जुन्या पद्धतीची पंगत. आत्या म्हणाली, "तू वर खुर्चीवर बस गं." मी म्हटलं, "खुर्ची? म्हातारी झाले काय मी?" आणि ऐटीत खाली जाऊन रांगेच्या टोकाला मांडी घालून बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा मांडी घातली होती. काय सांगू, ती मांडी घालतानाच डोळ्यांत पाणी आलं. समोर केळीचं पान, त्यावर मीठ, कोशिंबीर, वरणाचा वास, सगळं कसं साजरं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सर आम्हाला उठणं शिकवायचे. पळणं नाही, उठणं. डोळे मिटून रांगेत बसवायचे आणि मागून येऊन कुणाच्याही पाठीला तळवा लावायचे. तळवा लागायच्या आत उठलीस तर फाउल; लागल्यावर विचार केलास तर वेळ गेला. "तंगी, पाठीनं ऐकायचं, पायानं उत्तर द्यायचं. डोकं मध्ये आणायचं नाही," असं ते म्हणत. महिनोन् महिने हेच. शेवटी डोकं खरोखरच मध्ये यायचं बंद झालं. घरी आईनं पाठीवरून हात फिरवला तरी मी ताडकन उठायची. तेव्हा सगळे हसायचे.

त्या पंगतीत सार वाढणाऱ्या एक बाई मागच्या भिंतीशी अडकल्या. वाट काढायला त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकवला आणि काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही, कारण मी तोवर उठले होते. घातलेल्या मांडीतून, ओल्या फरशीवर, उजव्या पायावर सगळा भार टाकून, समोरच्या दिशेला. पान तुडवलं, तांब्या उडाला, आणि मी समोरच्या रांगेतल्या माणसांच्या पुढ्यात जाऊन पडले. एक मामा मोठ्यानं म्हणाले, "अगं पळालीस कुठं, जिलबी अजून यायचीय!" सगळी पंगत खो खो हसली. मग त्यांनी माझं तोंड बघितलं.

त्या बाई बिचाऱ्या हातात साराचं भांडं घेऊन रडत होत्या, "मी नुसता हात लावला हो, मी ढकललं नाही!" त्यांना कसं समजावणार? त्यांची काही चूक नव्हती. सरांची नव्हती, माझीही नव्हती. दहा वर्षं ज्याच्यासाठी घाम गाळला, ते माझ्या अंगानं अगदी बिनचूक करून दाखवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बसवलेली दोरी तुटली नव्हती, सैलावली होती. डॉक्टरांनी पाय हातात धरून पुढंमागं हलवून बघितला, आणि या खेपेला कागदावर चित्र काढलं नाही. 'बघू'चं 'कठीण आहे' झालं. मी विचारलं, "कठीण म्हणजे नाही का?" ते म्हणाले, "कठीण म्हणजे कठीण." व्यायाम करा, कार्तिकात तपासू, दोन्ही पायांत फार फरक राहिला नाही तर विचार करता येईल. मग मी व्यायाम केला म्हणजे काय, अंगात आल्यासारखा केला. अप्पा सकाळी कचेरीत जायच्या आधी समोर खुर्ची टाकून बसायचे आणि मोजायचे. भिंतीला पाठ लावून बैठका, वाळूची पिशवी बांधून पाय उचलणं, पायरीवर चढउतार. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती गेले. गणपतीसमोर मी काय काय कबूल केलं ते सांगायची लाज वाटते. मांडी थोडी भरली, दुखणं कमी झालं, पण एका पायावर उडी मारायची वेळ आली की उजवा गुडघा आत कुठंतरी डुगडुगायचा, बिजागरी सैल झालेल्या दारासारखा. मी कुणाला बोलले नाही.

आता मी तारिहाळला एका कारखान्यात पार्ट तपासते. हातात दोन मापं असतात. एक पार्टाच्या भोकात जायला हवं, दुसरं जायला नको. जायला नको ते गेलं की पार्ट लाल पेटीत. दिवसभर हेच. शेजारची मुलगी कधी म्हणते, "अगं, एवढ्याशा फरकानं काय होतंय, सोड की." मी सोडत नाही. ती मला खडूस म्हणते. तिला काय माहीत, मी एकदा केवढा फरक लपवला होता.

त्या वर्षी पुन्हा पेरू आले तेव्हा ती कार्तिकातली तपासणी आली. हुबळीत कोप्पीकर रोडवर एका कापडदुकानाच्या वर व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम बसत, त्यांच्याकडे. आदल्या खेपेला त्यांनीच मला रीत समजावून सांगितली होती. आधी चांगल्या पायावर उभं राहून लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं. मग दुखऱ्या पायावर. टेपनं दोन्ही मोजायच्या. दुखऱ्याची उडी चांगल्याच्या जवळपास आली तर मैदानाची परवानगी, नाहीतर नाही. मी मान डोलावली आणि धारवाडच्या बसमध्ये बसले, आणि नवलूर यायच्या आत माझ्या लक्षात आलं. दुखरा पाय पुढं नेता येत नसेल, तर चांगल्याला मागं आणता येतं.

पुढचे बारा दिवस मी दुपारच्या वेळी गच्चीवर डाव्या पायाची खोटी उडी घोटली. कोळशानं एक रेघ मारली आणि रोज बरोबर त्या रेघेवर उतरले. सोपं नसतं ते! खोटी उडी मारायला खऱ्या उडीपेक्षा जास्त ताबा लागतो. हात तितकेच जोरात फेकायचे, चेहऱ्यावर तितकाच जोर आणायचा, आणि आत कुठंतरी पायाला लगाम घालायचा. आईनं खालून विचारलं, "काय गं धपाधप चाललंय?" मी म्हटलं, "व्यायाम." लाज वाटली का? नाही वाटली. मला खेळायचं होतं. एक हंगाम. अर्धा हंगाम. त्या राज्याच्या संघाचं नाव अंगावर घालून एक डाव. नंतर गुडघा गेला तर जाऊ दे मसणात, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणत असे.

तपासणीला सर स्वतः आले. आमच्या संघाचा स्पर्धेचा फॉर्म त्यांच्या खिशात होता. अकरा नावं लिहिलेली, बारावी ओळ कोरी. खांबाजवळच्या मुलीसाठी तेवढी एकच ओळ उरली होती, मी आले तर मेघाला घरी बसायचं होतं, आणि सरांनी माझ्यासाठी थांबायचं ठरवलं होतं. ते खिडकीशी उभे राहिले, मफलर हातात घेऊन. मी डाव्या पायावर उभी राहिले, हात फेकले, आणि बरोबर ठरल्या जागी उतरले. मग उजव्यावर. जीव मुठीत धरून मारली. डुगडुगलं, पण उभी राहिले. मॅडमनी टेप लावली, पुन्हा लावली, आणि टाळीच वाजवली. "वा! जवळजवळ सारखेच आहेत की दोन्ही!" कागदावर सही केली. मी सरांकडे बघितलं नाही.

जिना उतरलो. खाली कोप्पीकर रोडची भर दुपारची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, दुकानदार फूटपाथवर साड्या टांगत होता. मला वाटलं सर बसस्टॉपकडे वळतील. ते थांबले आणि म्हणाले, "तंगी, डाव्यावर उडी मार."

"इथं?"

"इथंच."

मला पुन्हा खोटी मारता आली असती. बारा दिवस घोटली होती. पण समोर सर उभे होते, आणि ही एवढीशीच उडी माझी आहे असं त्यांना वाटावं, हे मला सोसेना. मी मारली. पूर्ण मारली. साडीवाला दचकून मागं सरला. सरांनी माझी टाच कुठं टेकली ते बघितलं, मग मी निघाले ती जागा बघितली.

"आता उजव्यावर."

मी उजव्या पायावर उभी राहिले. डावा उचलला. लोक बघायला लागले होते. गुडघा आतून थरथरत होता आणि मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. मी डावा पाय खाली ठेवला. म्हटलं, "सर, नको."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "दहा वर्षं ह्या डाव्या पायाला मी ओळखतो. उजवा गेला तो गेला, तंगी. चांगल्याला कशाला खोटं बोलायला लावलंस?"

मी रडले. भर रस्त्यात, साड्यांच्या मध्ये उभी राहून, नाक पुसायलाही सुचलं नाही. सर शेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातानं बाजूनं जायला सांगत राहिले. रडणं ओसरल्यावर त्यांनी खिशातून फॉर्म काढला, दुकानाच्या कट्ट्यावर पसरला आणि पेन माझ्या हातात दिलं. काय लिहायचं ते सांगितलं नाही. मी बाराव्या ओळीत मेघाचं नाव लिहिलं. तिच्या बापाचं नाव मला आठवेना, ते सरांनी सांगितलं.

यंदा ती कर्णधार आहे. दर हंगामात पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन येतो, "अक्का, बघायला ये की गं." मी येते म्हणते. अजून एकदाही गेलेली नाही.